सोडल्यानंतरचा महिना

व्यसन सोडताना माणसाचं काय होतं, हे मराठी वाचकाला दोन व्यसनांच्या बाबतीत बऱ्यापैकी ठाऊक आहे. रोजची दारू एकदम थांबली की हात थरथरतात, भास होतात, कुणाला फिट येते, आणि वेळेत दवाखाना गाठला नाही तर जीवही जाऊ शकतो. गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, ‘टर्की’ आपल्याकडे १९८०च्या दशकात कळली. अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिलं, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, आणि गळणारं नाक, पिळवटून निघणारी हाडं, उलट्या-जुलाब हे सगळं पांढरपेशा घरांतही वाचलं गेलं. गांजाच्या वाट्याला तसं लेखन फारसं आलं नाही. गांजा म्हणजे बैराग्याची चिलीम किंवा कॉलेजमागच्या टपरीवरची पोरं. त्याने फार तर माणूस सुस्त होतो, आणि सोडायचा म्हटला तर उद्यापासून सोडता येतो, हा समज ओढणाऱ्यांमध्ये आहे तसाच न ओढणाऱ्यांमध्येही आहे.

ही पुस्तिका त्या समजामुळे ज्यांचं नुकसान होतं त्यांच्यासाठी आहे. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणारा माणूस तो थांबवतो, तेव्हा पुढचा महिनाभर त्याच्या मनाची जी अवस्था होते तिच्याविषयी ती आहे. या अवस्थेने सहसा कुणी मरत नाही. पण तिचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे संसार विस्कटतात, शिक्षणं सुटतात, नको ती औषधं सुरू होतात आणि हवी ती सुरू होत नाहीत. म्हणूनच तिच्याबद्दल सविस्तर बोलायला हवं.

दिवाळीच्या सुट्टीचं उदाहरण घेऊ. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला, सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावचा मुलगा. दोन-तीन वर्षं रोज रात्री रूमवर जॉइंट ठरलेला, हल्ली सकाळीही एक. तो धनत्रयोदशीला घरी येतो. सोबत काही आणलेलं नाही, कारण घरी बाबा आहेत, आजी आहे. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी तो जरा गप्प असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई ताट पुढे करते, ‘अरे, एक तरी चकली खा, तुझ्यासाठीच केल्यात,’ आणि तो ताट बाजूला सारतो. घास खरोखरच उतरत नसतो. पोटात कालवतंय, तळहातांना घाम आहे, रात्री तीनला तो ओला होऊन उठला आहे आणि मग सकाळपर्यंत डोळा लागलेला नाही. आई पुन्हा एकदा म्हणते, आणि तो अंगावर धावून गेल्यासारखा ओरडतो. पाहुण्यांसमोर. नंतर खोलीत जाऊन रडतोही, पण ते कुणाला दिसत नाही.

आता या घरात प्रत्येक जण आपापला निष्कर्ष काढतो. बाबा म्हणतात, शहराचं वारं लागलं, माणसं नकोशी झाली. आई म्हणते, परीक्षेचं टेन्शन असेल. मुलगा मनाशी म्हणतो, घरी आलं की माझं डोकं फिरतं, हे घरच मला सहन होत नाही. भाऊबीज आटोपून तो पुण्याला परततो, रूमवर एक कश घेतो आणि अर्ध्या तासात शांत होतो. त्याच्या दृष्टीने पुरावा पूर्ण झाला: घरामुळे त्रास होतो, गांजामुळे बरं वाटतं. या चार-पाच दिवसांत नेमकं काय घडलं हे त्या घरातल्या एकालाही ठाऊक नसतं. पुढच्या सुट्टीत तो दोनच दिवसांसाठी येतो.

हे इतकं सर्रास होऊनही वैद्यकाने त्याची दखल घ्यायला बराच काळ घेतला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात रीझ जोन्स आणि नील बेनोविट्झ यांनी स्वयंसेवकांना रुग्णालयात ठेवून काही आठवडे टीएचसी, म्हणजे गांजातलं मुख्य नशा आणणारं द्रव्य, ठरावीक वेळाने तोंडावाटे दिलं आणि मग थांबवलं. माणसं चिडचिडी झाली, अस्वस्थ झाली, झोप उडाली, भूक गेली, घाम सुटला. पुन्हा टीएचसी दिल्यावर लक्षणं ओसरली. तरीही अमेरिकी मनोविकार संघटनेच्या १९९४च्या निदानसंहितेत गांजा सोडल्यानंतरच्या त्रासाला जागा मिळाली नाही. असा त्रास होत असेल, पण त्याला वैद्यकीय महत्त्व किती, अशी शंका होती. त्यानंतर अ‍ॅलन बडनी, मार्गारेट हेनी अशा संशोधकांनी दिवसागणिक नोंदी ठेवून लक्षणं कधी सुरू होतात, कधी शिगेला जातात आणि कधी उतरतात हे दाखवलं, आणि २०१३च्या पाचव्या आवृत्तीत हे निदान अधिकृतपणे आलं. २०२० साली आधीच्या ४७ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झालं. नियमित गांजा घेणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांना सोडल्यावर हा त्रास होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे जवळजवळ निम्मे. उरलेल्या निम्म्यांना तो जाणवण्याइतका होत नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. ‘मी तर सहज सोडला’ म्हणणारा मित्र खोटं बोलत नसतो. पण त्याच्या अनुभवावरून दुसऱ्याला ‘तुझीच इच्छाशक्ती कमी’ असं ऐकवणं अन्यायाचं आहे.

हा त्रास शरीरात कुठून येतो, ते थोडक्यात पाहू. टीएचसीची रचना १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. ते मेंदूत कुठे चिकटतं, ती जागा, म्हणजे सीबी-१ नावाचा ग्राहक, १९८८ साली अमेरिकेत सापडली. पाठोपाठ १९९२ साली शरीर स्वतःच बनवत असलेलं, त्याच ग्राहकावर काम करणारं द्रव्य सापडलं. हे ग्राहक मेंदूत सगळीकडे पसरलेले आहेत: स्मृतीच्या भागात, भीती आणि राग हाताळणाऱ्या भागात, भूक आणि झोपेच्या यंत्रणेत. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात मात्र ते फार विरळ आहेत, म्हणून अफू-हेरॉइनसारखा गांजाने श्वास बंद पडत नाही. रोज बाहेरून भरपूर टीएचसी येत राहिलं की मेंदू हे ग्राहक कमी करतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा बाह्यांगातल्या भागांत हे ग्राहक सुमारे २० टक्के कमी दिसले, आणि साधारण चार आठवडे पूर्ण थांबल्यावर ते पूर्ववत होताना दिसले. बाहेरचा पुरवठा बंद आणि आतली व्यवस्था अजून उभी राहायची आहे, असा हा मधला काळ असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या काळात मेंदूच्या भीतीशी जोडलेल्या भागात ताणाचं रसायन वाढलेलं आढळलं. म्हणून त्या मुलाचा राग हा त्याचा ‘खरा स्वभाव बाहेर आला’ असा नसतो.

टीएचसी चरबीत विरघळतं आणि शरीरातून सावकाश बाहेर पडतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा कित्येक आठवडे मिळू शकतात. त्यामुळे गांजा सोडल्याचा त्रास दारूसारखा काही तासांत अंगावर येत नाही. तो साधारण एक ते तीन दिवसांनी डोकं वर काढतो, पहिल्या आठवड्यात सर्वांत जोरात असतो आणि दोन आठवड्यांच्या आसपास बराचसा ओसरतो. ही सुरुवातीची उसंतच सर्वांत फसवी. ‘मला व्यसन नाही, मागच्या शनिवार-रविवारी घेतलाच नव्हता’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा प्रामाणिकपणे बोलत असतो. दोन दिवसांत काही झालं नाही हे खरंच असतं. व्यसन आहे की नाही याची परीक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी होते, आणि तिथवर तो सहसा जातच नाही.

लक्षणांमध्ये चिडचिड, घालमेल, उदासी, भूक मरणं, घाम, थंडी वाजणं, डोकेदुखी, पोटदुखी हे सगळं आहे, पण माणसाला पुन्हा गांजाकडे ओढून नेण्यात झोपेचा वाटा फार मोठा आहे. गांजा सुरुवातीला झोप लवकर आणतो आणि स्वप्नांची झोप कमी करतो. कित्येक जण सांगतात की त्यांना वर्षानुवर्षं स्वप्न पडल्याचं आठवतच नाही. थांबवल्यावर ती दाबलेली स्वप्नं एकदम परत येतात, आणि साधी नव्हे. गेलेले आजोबा दारात उभे असतात. कुणीतरी पाठलाग करतं. आपण पुन्हा गांजा ओढला असं स्वप्नात दिसतं आणि जाग आल्यावर अपराधी वाटत राहतं. रात्री दोन-तीनदा अंथरुणात उठून बसणाऱ्या माणसाला हे वेड लागण्याचं लक्षण वाटणं अगदी साहजिक आहे. इतर लक्षणं पंधरा दिवसांत निवळतात, झोप आणि स्वप्नं मात्र महिनाभर, कधी त्याहून जास्त मागे रेंगाळतात. हे आधी सांगितलेलं असेल तर माणूस ते सोसतो. कुणीच सांगितलेलं नसेल तर विसाव्या दिवशी तो म्हणतो, ‘तीन आठवडे झाले तरी झोप नाही, म्हणजे माझ्या मेंदूला गांजा लागतोच.’

माझ्या मते या विषयाची सगळी गुंतागुंत त्या एका वाक्यात आहे. रोज गांजा ओढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो मौजेसाठी सुरू केलेला असला तरी पुढे तो कशासाठी घेता असं विचारलं तर उत्तर येतं: टेन्शन कमी व्हावं म्हणून, झोप लागावी म्हणून, डोकं शांत राहावं म्हणून. सोडल्यावर नेमकं काय होतं? टेन्शन, निद्रानाश, अशांत डोकं. ज्या दुखण्यासाठी आपण हे औषध घेत होतो तेच दुखणं परत आलं, असा त्याचा समज होतो. त्यात मूळचं दुखणं किती आणि गांजाच्या अभावाने निर्माण झालेलं किती, हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला कळत नाही, घरच्यांना कळत नाही आणि डॉक्टरलाही एका भेटीत कळत नाही. कळण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे, वेळ जाऊ देणं. महिना उलटल्यावर जी चिंता, जी उदासी उरते ती माणसाची स्वतःची. तिच्यावर उपचार हवेत आणि ते चांगले होतात. अनेकांच्या बाबतीत मात्र महिन्यानंतर उरलेली चिंता आधीपेक्षा कमीच निघते, कारण दिवसातून दोन-तीनदा तलफ उठणं आणि ती भागवणं यातूनच तिचा मोठा भाग तयार होत होता.

इथे दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. ‘हे सगळं सोडल्यामुळे आहे, जाईल आपोआप’ असं म्हणून काही गोष्टी टाळल्या तर अनर्थ होतो. कानात आवाज येणं, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात अशी पक्की खात्री बसणं, रात्र-रात्र न झोपता अफाट उत्साहात राहणं, ही गांजा सोडल्यानंतरची नेहमीची लक्षणं नव्हेत. गांजा आणि मनोविकृती यांचं नातं वैद्यकाने आता नीट तपासलं आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांची पंधरा वर्षं माहिती ठेवली गेली. भरतीच्या वेळी पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांना स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघालं. त्यातल्या काहींची मुळातच आजाराकडे ओढ असणार, म्हणून हा आकडा नंतरच्या हिशेबांत खाली आला, पण नाहीसा झाला नाही. युरोपातल्या अनेक शहरांसह ब्राझीलमध्ये झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज गांजा घेणाऱ्यांमध्ये मनोविकृतीची शक्यता सुमारे तिप्पट, आणि रोज जास्त टीएचसीचा गांजा घेणाऱ्यांमध्ये जवळजवळ पाचपट आढळली. माल पूर्वीपेक्षा जहाल झाला आहे, हेही विसरता येत नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५च्या सुमारास टीएचसी ४ टक्क्यांच्या आसपास असे. २०१४पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. त्यामुळे ‘आमच्या आजोबांच्या काळी गावात सगळे ओढायचे’ हा दाखला आजच्या मालाला लागू पडत नाही. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना, जिथे दुकानात परवानगीने याहूनही जहाल माल मिळतो, तर मुळीच नाही.

आपल्याकडे याच प्रश्नावर फार जुना आणि फार शहाणा शोध झालेला आहे. ब्रिटिश सरकारने १८९३ साली भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षीदारांचं म्हणणं नोंदवलं. गांजाने वेड लागतं असा तेव्हा सरकारी समज होता, कारण वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदींत तसं कारण लिहिलेलं सापडे. आयोगाने १८९२ सालच्या नोंदी एकेक करून तपासल्या, तेव्हा कळलं की कारणाचा रकाना बहुधा पोलिसांनी दिलेल्या कागदावरून भरला जाई, आणि माणूस गांजा ओढतो एवढं कळलं की तेच कारण लिहून टाकलं जाई. तपासाअंती अशी बरीच प्रकरणं गळून पडली. तरी सगळी गळली नाहीत. आयोगाने तेही स्वच्छपणे लिहिलं. बेताच्या सेवनाने बहुतेकांचं नुकसान होत नाही आणि अति सेवन काही माणसांच्या मनाला घातक ठरतं, असे दोन्ही निष्कर्ष त्याने एकाच अहवालात मांडले. प्रत्येक माणसाची स्वतंत्र चौकशी करण्याची ती चिकाटी आज दवाखान्यात हवी आहे.

आज गरज किती मोठी आहे हे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने आणि दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीतून दिसतं. वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले भारतीय सुमारे ३.१ कोटी. त्यांपैकी भांग घेणारे जास्त आहेत, पण जास्त त्रासात असणारे गांजा-चरसवाले. सुमारे ७२ लाख लोकांना यासाठी मदतीची गरज आहे, आणि त्यांतले सुमारे २५ लाख पूर्णपणे अवलंबून आहेत. इतक्या लोकांपैकी दवाखान्यात किती येतात? फार थोडे, आणि येतात ते ‘झोप येत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘पोट बिघडलंय’ म्हणून येतात. गांजाचं नाव काढत नाहीत, कारण पोलिसांची भीती वाटते. ती समजण्यासारखी आहे. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा बाळगणं आणि ओढणं गुन्हा ठरवला. नुसती पानं तेवढी गांजाच्या व्याख्येबाहेर राहिली, म्हणून भांगेला अनेक राज्यांत वाट आहे. पण याच कायद्याचं ६४-अ हे कलम फारच कमी लोकांना माहीत असतं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात व्यसनाशी निगडित मनोवस्था मानसिक आजारातच मोडतात, आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क आहे. डॉक्टरला खरं सांगितलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. ज्या घरात हे दडवलं जातंय तिथे एवढं जरी पोहोचलं तरी पुष्कळ झालं.

उपचारांविषयी पुढच्या पानांत विस्ताराने आहेच. इथे दोन-तीन गोष्टी आवर्जून सांगतो, कारण त्या आपल्याकडच्या आहेत. आपल्याकडे जॉइंट बहुतेक वेळा सिगारेटची तंबाखू मिसळून वळतात. त्यामुळे गांजा थांबला की नकळत तंबाखूही थांबते आणि दोन तलफा एकाच वेळी उठतात. काही जण मग सिगारेटी दुप्पट करतात. तंबाखूचा विचार वेगळा आणि उघडपणे केला नाही तर गांजा सोडण्याचा प्रयत्न बहुधा इथेच कोसळतो. दुसरं, झोपेसाठी रात्री दोन पेग. हा सल्ला मित्रच देतात, आणि तो घातक आहे. गांजा सुटून दारू लागलेली माणसं व्यसनमुक्तीच्या कोणत्याही केंद्रात भेटतील. झोपेच्या गोळ्यांचंही तेच: डॉक्टरने मोजून, थोड्या दिवसांसाठी दिल्या तर ठीक, केमिस्टकडून स्वतः आणल्या तर नवं संकट. या त्रासावर खास मान्यता मिळालेलं असं एकही औषध आजवर नाही. उपयोग होतो तो समुपदेशनाचा, नियमित दिनक्रमाचा, आणि त्या महिन्यात घरात वाद न उकरण्याचा. आणखी एक त्रास सोडण्याआधीचा आहे: वर्षानुवर्षं ओढणाऱ्या काहींना पुन्हा पुन्हा अनावर उलट्या होतात आणि गरम पाण्याने तासन्‌तास अंघोळ केल्यावरच बरं वाटतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ साली हे पहिल्यांदा नोंदवलं. असे पेशंट एन्डोस्कोपी करत हिंडतात आणि पोट शांत होईल म्हणून आणखी गांजा ओढतात. उलट्या थांबतात त्या गांजा थांबल्यावर.

जीव द्यावासा वाटतो असं कुणी बोललं तर ते गांजा सोडल्यामुळे आहे की मूळचं, हा विचार करत बसू नये. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे. आधी फोन करावा, कारणांचा शोध नंतर.

माझी मोठी विनंती डॉक्टरांना आहे, त्यातही गावातल्या आणि तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टरांना. झोप, चिडचिड, धडधड, भूक न लागणं अशी तक्रार घेऊन विशी-तिशीतलं कुणी आलं तर गोळी लिहिण्याआधी आई-वडिलांना दोन मिनिटं बाहेर बसवा आणि विचारा: गांजा घेतोस का, घेतेस का, रोज किती, आणि शेवटचा कश कधी? उत्तर आलं तर ती तारीख केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात लिहा. सातव्या दिवशी दिसणारी उदासी आणि चाळिसाव्या दिवशी दिसणारी उदासी यांचे उपचार वेगळे आहेत, आणि पुढच्या वेळी पेशंट दुसऱ्याच डॉक्टरकडे गेला तरी त्यांना मोजायला सुरुवात कुठून करायची ते कळेल.